डाव अर्ध्यात मोडला, ६४ कसे वाटायचे? एका जुन्या भांडणाची पूर्ण केस

दोन जण खेळतायत. नाणं उडवायचं, छापा पडला की अ ला पॉइंट, काटा पडला की ब ला, आणि जो आधी ३ पॉइंट करेल त्याने मधले सगळे पैसे उचलायचे. दोघांनी ३२-३२ लावलेत म्हणजे मध्ये ६४ पडलेत. पहिला डाव अ ने मारला, स्कोर १-०, आणि तेवढ्यात काहीतरी होतं, कोणाच्या घरून बोलावणं येतं किंवा लाइट जाते, काहीही धरा, आणि खेळ तिथेच बंद पडतो. पुन्हा बसायचं नाही असं ठरतं. आता त्या ६४ चं काय करायचं?

केस एवढीच आहे, आणि ती सोडवायला गणितवाल्यांना दीडशेहून जास्त वर्षं लागली. आकडे माझे नाहीत, पास्कल या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाच्या पत्रातले आहेत, त्याच्याकडे रुपयांच्या जागी पिस्तोल नावाची सोन्याची नाणी होती एवढाच फरक.

हा प्रश्न चार लोकांत टाकून बघा, मजा येते. एक जण लगेच म्हणतो की खेळ पूर्णच झाला नाही ना, मग आपापले ३२ घ्या आणि घरी जा. दुसरा म्हणतो पुढे कोण होता, अ, मग सगळे त्याचे. तिसरा जरा शहाणा असतो, तो म्हणतो स्कोरच्या प्रमाणात वाटा, पण स्कोर १-० आहे म्हणजे प्रमाणात वाटलं तरी सगळे अ लाच जातात आणि एवढं कसं देणार म्हणून तोही अडकतो. शेवटी कोणीतरी ज्येष्ठ माणूस "४०-२४ करा आणि विषय संपवा" म्हणतो. गंमत म्हणजे हा अंदाजपंचे तोडगाच खऱ्या उत्तराच्या त्यातल्या त्यात जवळ असतो, पण ४०च का आणि ४५ का नाही हे त्याला विचारलं तर सांगता येत नाही.

प्रमाणात वाटायची आयडिया छापील पुस्तकात आलेली आहे, आणि साध्यासुध्या माणसाच्या नाही. लुका पाचोली, इटलीतला फ्रान्सिस्कन साधू आणि गणितज्ञ, ज्याच्या १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या जाडजूड पुस्तकात जमाखर्चाची दुहेरी नोंद पद्धत आहे (अकाउंट्सवाले त्याला ओळखत असतील). त्या पुस्तकात असाच एक प्रश्न आहे, चेंडूचा खेळ, ६० गुण करणारा जिंकला, एका वेळी १० गुण मिळतात, आणि खेळ थांबला तेव्हा एका बाजूचे ५० आणि दुसरीचे २० झालेले. पाचोलीने सरळ ५ ला २ असं वाटून टाकलं. व्यापाऱ्यांच्या भागीदारीत ज्याने जेवढं भांडवल घातलं त्याला तेवढा नफा, तोच हिशेब.

आता यात चूक काय ते बघा. पहिल्या बाजूला जिंकायला फक्त एक डाव हवाय. दुसरीला सलग चार हवेत, मध्ये एक जरी गेला तरी खेळ खलास. दोघं सारख्या ताकदीचे धरले तर सलग चार जिंकण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे १६ त १. म्हणजे वाटणी १५ ला १ व्हायला पाहिजे आणि पाचोली ५ ला २ देतोय! ज्याचा खेळ जवळपास संपलाय त्याला तो फुकटात दोन सप्तमांश काढून देतोय.

तार्ताल्या या इटालियन गणितज्ञाने १५५६ मध्ये पाचोलीला पकडलं, पण दुसऱ्या टोकाने. तो म्हणाला, एका बाजूचे १० आणि दुसरीचे ० असताना खेळ थांबला तर तुमच्या नियमाने पहिली बाजू सगळे पैसे नेणार, एका डावाच्या जोरावर, हे कसं चालेल. बरोबर पकडलं. पण त्याचं स्वतःचं मत असं होतं की हा प्रश्न गणितापेक्षा न्यायनिवाड्याचाच जास्त आहे, कसाही सोडवला तरी भांडायला जागा राहणारच. त्याच्याआधी १५३९ मध्ये कार्दानो या दुसऱ्या इटालियन गणितज्ञाला एक गोष्ट दिसली होती आणि ती सगळ्यात महत्त्वाची होती, की किती डाव झाले ते सोडा, किती डाव बाकी आहेत ते बघा. त्याचा पुढचा हिशेब चुकला, पण नजर बरोबर ठिकाणी होती.

"बाकी किती" हे आपल्याला क्रिकेटमुळे आता अंगवळणी पडलंय. २२ मार्च १९९२, सिडनी, वर्ल्ड कपची सेमीफायनल, दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडविरुद्ध १३ बॉलमध्ये २२ पाहिजे होत्या, पाऊस आला, आणि परत मैदानात आले तेव्हा १ बॉल उरला होता आणि धावा २१ हव्या होत्या. त्या वेळचा नियम आधी बॅटिंग केलेल्या टीमची कमी धावांची षटकं शोधून वगळायचा, म्हणजे होऊन गेलेल्या खेळाकडे बघून पुढचं टार्गेट ठरवायचा, आणि समोरच्या टीमच्या हातात नेमकं काय उरलंय हे त्याला दिसतच नव्हतं. डकवर्थ-लुईस पद्धत १९९७ च्या जानेवारीत झिम्बाब्वे-इंग्लंड वनडेत पहिल्यांदा वापरली गेली, आणि तिचा सगळा पाया उरलेली षटकं आणि हातातल्या विकेट यावर आहे. ती पद्धतही लोकांना पटत नाही ती गोष्ट वेगळी.

तर १६५४. पॅरिसमध्ये शेवालिए द मेरे म्हणून एक हौशी, बोलघेवडा, दरबारी वर्तुळातला माणूस होता, जुगारातले प्रश्न त्याने पास्कलसमोर टाकले. एक प्रश्न फाशांचा होता, एक फासा ४ वेळा टाकून एकदा तरी ६ येईल यावर पैज लावली तर फायदा (५१.८ टक्के), पण दोन फासे २४ वेळा टाकून एकदा तरी ६-६ येईल यावर लावली तर तोटा (४९.१ टक्के), असं का. तो बाजूला ठेवू. दुसरा आपला, अर्धवट डावाचा. पास्कल तेव्हा ३१ वर्षांचा, तब्येत कायम बिघडलेली. त्याने तुलूजला फर्माला लिहिलं. फर्मा हा पेशाने न्यायालयातला माणूस, गणित फावल्या वेळात करायचा, म्हणजे तार्ताल्याचं "हा न्यायनिवाड्याचा प्रश्न आहे" हे जरा वेगळ्या अर्थाने खरंच ठरलं म्हणायचं.

पास्कलच्या २९ जुलै १६५४ च्या पत्राची सुरुवातच अशी आहे की मी अजून अंथरुणात आहे, पण काल रात्री तुमचं पत्र मिळालं आणि आता राहवत नाही म्हणून लिहितोय. फर्माने जे उत्तर काढलं तेच पास्कलचंही आलं होतं, रस्ता मात्र वेगळा. त्यावर तो खुश होऊन म्हणतो की सत्य तुलूजमध्ये आणि पॅरिसमध्ये एकच आहे असं दिसतंय.

पास्कलचा रस्ता उलटा आहे, शेवटाकडून सुरू होतो. समजा स्कोर २-१ आहे. पुढचा डाव अ ने मारला तर ६४ त्याचे. ब ने मारला तर २-२, म्हणजे दोघं समान, म्हणजे ३२-३२. तर अ म्हणू शकतो, "हे बघ, मी हरलो तरी ३२ माझेच आहेत, ते आधी बाजूला काढ. उरलेले ३२ तुला मिळतील की मला हे फिफ्टी-फिफ्टी आहे, तर त्यातले १६ मला दे." झालं, ४८ आणि १६.

आता २-० घ्या. अ जिंकला तर ६४. हरला तर २-१, आणि २-१ चे ४८ आपण आत्ताच काढलेत. म्हणजे ४८ पक्के, वरच्या १६ चे निम्मे ८, एकूण ५६. ब ला ८.

आणि आता आपली केस, १-०. अ जिंकला तर २-०, म्हणजे ५६. हरला तर १-१, समान, ३२. म्हणजे ३२ पक्के, मधले २४ अर्धे करा, १२. उत्तर ४४. ब ला २०.

संपलं. बेरीज आणि निम्मं करणं यापलीकडे काही नाही, सातवीतलं पोर करेल. या पद्धतीत मला सगळ्यात काय आवडतं सांगू का, इथे "शक्यता" हा शब्द न काढताही काम होतं. प्रत्येक स्कोरला आत्ता बाजारात काय भाव आहे ते लावायचं, आणि तो भाव म्हणजे पुढच्या दोन भावांच्या बरोबर मधला आकडा. आज याला अपेक्षित मूल्य म्हणतात.

फर्माचा रस्ता सरळसोट. तो म्हणतो, अ ला २ पाहिजेत, ब ला ३ पाहिजेत. मग जास्तीत जास्त ४ डावांत निकाल लागणारच, कारण ४ डावांत अ चे २ झाले नाहीत म्हणजे ब चे ३ झालेच. तर चारही डाव खेळले असं धरा आणि काय काय होऊ शकतं ते सगळं लिहून काढा. प्रत्येक डावाला दोन पर्याय, चार डाव, २ गुणिले २ गुणिले २ गुणिले २ म्हणजे १६ प्रकार. यात चारही अ चे असा १ प्रकार, तीन अ चे असे ४, दोन अ चे असे ६, एकच अ चा असे ४, आणि सगळे ब चे असा १. अ ला किमान दोन हवेत, म्हणून १ + ४ + ६ = ११ प्रकारांत तो जिंकतो. उरलेल्या ५ मध्ये ब. ६४ चे ११/१६ काढा, ४४ येतात.

(१, ४, ६, ४, १ ही ओळ पास्कलच्या त्रिकोणातली. आपल्याकडे पिंगलाच्या छंदसूत्रांवरच्या हलायुधाच्या दहाव्या शतकातल्या टीकेत हाच मेरुप्रस्तार म्हणून येतो. चार अक्षरांच्या चरणात लघु-गुरू किती प्रकारे बसतील, तर १६, आणि त्यात नेमके दोन गुरू असलेले किती, तर ६. शाळेत वृत्तं शिकताना गण पाडत बसलेल्यांना फर्माची यादी ओळखीची वाटेल, फक्त छापा-काट्याच्या जागी लघु-गुरू.)

इथपर्यंत सगळं गोड आहे. खरी केस इथून सुरू होते, कारण रोबेरवाल नावाचा माणूस मध्ये आला.

रोबेरवाल पॅरिसच्या राजविद्यालयात गणिताचा प्राध्यापक, त्या काळातलं मोठं नाव. पास्कलने त्याला फर्माची पद्धत दाखवली आणि तो म्हणाला हे चूक आहे. त्याचा मुद्दा, २४ ऑगस्टच्या पत्रात पास्कलने फर्माला कळवलाय तो असा, की तुम्ही चार डाव खेळले असं धरताच कसं? अ ने पहिले दोन मारले की खेळ संपला, पैसे उचलून तो घरी जाणार, तिसरा आणि चौथा डाव होणारच नाही. जे डाव कधी खेळलेच जाणार नाहीत ते मोजून वाटणी कशी काय करता?

प्रामाणिकपणे सांगतो, मला हा आक्षेप मूर्खपणाचा अजिबात वाटत नाही. कुठल्याही वर्गात कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, आणि जो विचारतो तो बहुतेक वेळा वर्गातला नीट विचार करणारा मुलगा किंवा मुलगी असते. न खेळलेले डाव मोजायचे हे कानाला चुकीचंच लागतं.

मग त्याचं ऐकून बघू. खेळ जिथे खरंच थांबेल तिथे थांबवू आणि प्रकार मोजू. अ जिंकण्याचे प्रकार: अअ, अबअ, बअअ, अबबअ, बअबअ, बबअअ. सहा झाले. ब जिंकण्याचे: बबब, अबबब, बअबब, बबअब. चार झाले. एकूण १०, त्यातले ६ अ चे. म्हणजे अ ला ६४ चे ६/१०, अडतीस पूर्णांक चार. आणि पास्कल म्हणतो ४४. साडेपाच नाण्यांचा फरक पडला, आणि यादी तर अगदी खरी आहे, त्यात एकही काल्पनिक डाव नाही!

गोची कुठे आहे ते बघा. हे १० प्रकार यादीत एकाखाली एक लिहिले की सारखे दिसतात, पण सारखे नाहीत. अअ व्हायला फक्त दोन वेळा नाणं छाप्यावर पडायला हवं, चारात एकदा होणारी गोष्ट आहे. अबबअ व्हायला चार वेळा नाणं ठरल्याप्रमाणे पडायला हवं, ती सोळात एकदा. एक प्रकार दुसऱ्याच्या चौपट जड आहे आणि आपण दोघांना एक-एक मत दिलं.

वजन लावून मोजा मग. अअ चा १/४. अबअ आणि बअअ यांचे १/८ आणि १/८. बाकी तिघांचे १/१६ प्रत्येकी. आता या अपूर्णांकांची बेरीज करायची तर छेद सारखे करावे लागतात ना, पाचवी-सहावीत केलं होतं तसं. १/४ म्हणजे ४/१६. दोन वेळा १/८ म्हणजे ४/१६. आणि ३/१६. बेरीज ११/१६. फिरून परत फर्माच्याच दारात.

आता त्या ४/१६ कडे नीट बघा. अअ च्या वाट्याला सोळातले चार आले, ते चार कोणते? अअअअ, अअअब, अअबअ, अअबब. म्हणजे पहिले दोन अ ने मारल्यावर उरलेले दोन डाव काहीही पडोत, ते चारही प्रकार. फर्मा जे न झालेले डाव खेळवत होता ते म्हणजे हेच, लवकर संपणाऱ्या प्रकाराला त्याचं योग्य वजन मिळावं म्हणून केलेली सोय. आणि हे मी माझ्या डोक्याने लावलेलं स्पष्टीकरण नाही, २५ सप्टेंबरच्या पत्रात फर्मा स्वतः जवळपास याच शब्दांत म्हणतो, की खेळ ठरावीक डावांपर्यंत लांबवायची ही कल्पना सगळ्या शक्यता समान करायला आहे, किंवा आणखी सोप्या भाषेत म्हणजे सगळे अपूर्णांक एकाच छेदावर आणायला. अख्खी प्रॉबेबिलिटी एका वाक्यात समच्छेदावर आणून ठेवली या माणसाने.

पास्कलने रोबेरवालला दिलेलं उत्तर वेगळं आणि जरा वकिली थाटाचं आहे. समजा दोघं खेळाडू आपखुशीने म्हणाले की निकाल लागला तरी चारही डाव पूर्ण खेळू, तर कोणाचं काही बिघडतं का? अ चे आधी दोन झालेत, आता ब ने पुढचे दोन्ही मारले तरी त्याचे दोनच होतात, त्याला तीन लागतात. म्हणजे पुढचे डाव खेळा नाहीतर नका खेळू, पैशाला धक्का लागत नाही. मग खेळलेच असं धरायला हरकत काय?

(याच रोबेरवालने १६६९ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे एक तराजू मांडला, पारडी दांडीच्या वर असलेला, आणि माल पारड्यात कुठेही ठेवला तरी वजन तेच दाखवणारा. किराणा दुकानाच्या काउंटरवर असायचा तो तराजू त्याच जातीचा. वजनाचा एवढा पक्का माणूस इथे वजनापाशीच अडला हे मला दरवेळी आठवून हसू येतं.)

आणि रोबेरवालवरच थांबायला नको. शंभर वर्षांनी, १७५४ मध्ये, दालांबेरने फ्रेंच विश्वकोशात छापा-काट्यावर नोंद लिहिली. प्रश्न असा: नाणं दोनदा उडवून एकदा तरी छापा येण्याची शक्यता किती. सगळे म्हणतात ३/४. दालांबेर म्हणाला, पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला, दुसऱ्यांदा उडवायची गरजच नाही, म्हणून प्रकार तीनच: छापा, काटा-छापा, काटा-काटा. तीनात दोन, म्हणून २/३. तीच चूक! युरोपातला त्या काळचा पहिल्या फळीतला गणितज्ञ, आणि १/४ व १/२ वजनाच्या गोष्टींना त्याने एक-एक मत दिलं.

त्यामुळे दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेच्या धड्यात जो "समसंभाव्य निष्पत्ती" हा शब्द येतो आणि जो सगळे उड्या मारून पुढे जातात, तो माझ्या मते त्या धड्यातला सगळ्यात महाग शब्द आहे. पोरं नमुना अवकाश लिहितात, घटक मोजतात, एन(ए) भागिले एन(एस) करतात आणि मार्क मिळतात, कारण पुस्तकातली गणितं मुद्दाम समसंभाव्यच दिलेली असतात. पुस्तकाबाहेरचं कोडं आलं की यादी आपण स्वतः करतो, आणि आपण केलेली यादी समसंभाव्य असेल याची कोणी गॅरंटी दिलेली नसते. दोन फाशांची बेरीज २ पासून १२ पर्यंत ११ प्रकारची येते म्हणून ७ यायची शक्यता १/११ असं लिहिणारे दरवर्षी असतातच (३६ पैकी ६ आहे, १/६).

बरं, आता केसमधला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग, कारण रोबेरवालला समजावणारा पास्कल लगेच पुढच्या वळणावर स्वतःच गडबडला.

तीन खेळाडू. अ ला १ डाव हवा, ब ला २, क ला २. प्रत्येक डाव तिघांपैकी कोणीही मारू शकतो, सारखीच शक्यता. जास्तीत जास्त ३ डावांत निकाल लागतो, म्हणून फर्माच्या पद्धतीने ३ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे २७ प्रकार. पास्कलने यादी केली आणि त्याला दिसलं की काही प्रकारांत दोन जण जिंकल्यासारखे दिसतात. उदाहरणार्थ अबब. यात अ ला हवा तो १ डाव मिळाला, आणि ब ला हवे ते २ पण मिळाले. असे सहा प्रकार आहेत, अबब, बअब, बबअ आणि क घालून तसेच तीन. पास्कलने धरलं की फर्माच्या पद्धतीत अशा ठिकाणी पैसे दोघांत अर्धे करावे लागतील. निर्विवाद अ चे १३ प्रकार, अधिक सहाचे निम्मे ३, एकूण १६. ब चे निर्विवाद ४ अधिक दीड, साडेपाच. क चे साडेपाच. आणि त्याच्या स्वतःच्या उलट्या पद्धतीने उत्तर येत होतं १७, ५, ५. म्हणून त्याने फर्माला कळवलं की तुमची पद्धत दोघांसाठी ठीक आहे, तिघांना चालत नाही.

फर्माचं म्हणणं साधं होतं: अर्धे कशाला करायचे? ज्याचं आधी पूर्ण झालं तो जिंकला. अबब मध्ये अ पहिल्याच डावात जिंकला, नंतर ब ने दोन काय दहा मारले तरी त्याला काही मिळत नाही. बअब मध्येही अ दुसऱ्या डावात जिंकला. फक्त बबअ मध्ये ब आधी पोचला. म्हणजे त्या सहातले चार अ चे, एक ब चा, एक क चा. १३ + ४ = १७, ४ + १ = ५, आणि ५. पद्धत ठणठणीत होती. चार डाव खेळवले काय आणि तीन खेळवले काय, न झालेले डाव वजनापुरते आहेत, निकाल बदलायला नाहीत, हे दोन खेळाडूंच्या वेळी रोबेरवालला सांगणाऱ्या पास्कलच्याच हातून इथे सुटलं. दोन खेळाडूंच्या केसमध्ये क्रम विसरला तरी चालून जातं कारण दोघांचं एकदम पूर्ण होऊच शकत नाही, तिघं आले की क्रम लक्षात ठेवावाच लागतो.

आणि मग फर्माने न खेळलेले डाव अजिबात न वापरताही करून दाखवलं, रोबेरवालसारख्यांची तक्रारच नको म्हणून असेल. अ पहिल्याच डावात जिंकेल याची शक्यता १/३. दुसऱ्या डावात जिंकेल म्हणजे बअ किंवा कअ, २/९. तिसऱ्या डावात म्हणजे बकअ किंवा कबअ, २/२७. छेद २७ करा: ९ + ६ + २ = १७. पुन्हा समच्छेदच.

२७ ऑक्टोबरला पास्कलने कळवलं की तुमची पद्धत आता कळली आणि आवडली, ती माझ्याहून वेगळी आहे पण पोचते तिथेच. पत्रव्यवहार तिथे थांबल्यासारखा झाला, महिन्याभरात २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला तो प्रसिद्ध धार्मिक अनुभव आला आणि त्याचं मन गणितातून बरंचसं उडालं. १६५५ मध्ये पॅरिसला आलेल्या हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाच्या कानावर हे प्रश्न गेले, त्याने स्वतः सोडवले आणि १६५७ मध्ये या विषयावरचं पहिलं छापील पुस्तक त्याचं आलं.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात गृहीत धरलेली आहे, प्रत्येक डाव फिफ्टी-फिफ्टी. नाण्याला ते ठीक आहे. पण खेळ कॅरमचा असेल आणि ब जरा भारी खेळत असेल तर? यादी तीच ठेवायची, फक्त वजनं बदलायची. समजा अ एक डाव जिंकण्याची शक्यता ४० टक्के, ब ची ६०. १-० ला थांबलो, अ ला २ हवेत, ब ला ३. अ हरतो कधी, तर चार डावांत त्याला एकही मिळाला नाही किंवा एकच मिळाला. एकही नाही: ०.६ चार वेळा गुणिले, ०.१२९६. एकच: तो एक चारपैकी कुठलाही असू शकतो म्हणून ४ गुणिले ०.४ गुणिले ०.२१६, म्हणजे ०.३४५६. बेरीज ०.४७५२. म्हणजे अ ची जिंकण्याची शक्यता अजूनही ०.५२४८ आहे, आणि ६४ मधले साधारण साडेतेहेतीस त्याचे होतात. अ चा टक्का साधारण ३८-३९ पर्यंत घसरला की मगच वाटणी बरोबरीत येते. तर ब जर म्हणाला की मी तुझ्यापेक्षा भारी आहे, पुढचे डाव मीच मारले असते, गुपचूप ३२-३२ कर, तर अ ने आधी त्याला विचारायचं की भारी म्हणजे शंभर डावांत किती मारतोस ते सांग. साठ म्हणाला तर ३२ वर मान डोलवायची नाही, सत्तर म्हणाला तर मुकाट्याने ३२ घेऊन उठायचं.